मुलांना सरकार शिकवायचं, तर खिचडीपासून सुरुवात करा
(अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंसाठी झालेल्या बैठकीतील भाषण)



गावोगावच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत तुम्ही मुलांना घेऊन बसता. पाढे घेता, वाचन घेता, शुद्धलेखन तपासता. त्यात मी काही नवीन सांगायची गरज नाही. पण नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडलं की हात आखडतो, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी सांगितलं. आठवीच्या पुस्तकात संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन, नोकरशाही असे धड्यामागून धडे येतात. एक ताई मला म्हणाली, "मॅडम, मुलांना काय सांगायचं, आमालाच कुठं कळतंय ते!" तिचं म्हणणं मला पटलेलं नाही. तुम्हाला कळतं. पुस्तकातली नावं तेवढी अंगवळणी नाहीत.

आधी पुस्तकातला भाग एका दमात सांगून टाकते. शासनाची तीन अंगं असतात. कायदे करतं ते कायदेमंडळ. दिल्लीत ती संसद, म्हणजे लोकसभा आणि राज्यसभा. आपल्या राज्यात विधिमंडळ, म्हणजे २८८ आमदारांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधानपरिषद. कायदे आणि योजना राबवतं ते कार्यकारी मंडळ: पंतप्रधान, मुख्यमंत्री, त्यांचे मंत्री, आणि त्यांचं काम प्रत्यक्षात उतरवणारी, सचिवापासून तलाठ्यापर्यंतची सगळी यंत्रणा. आणि कायद्याचा अर्थ लावून तंटा सोडवतं ते न्यायमंडळ: तालुक्याचं कोर्ट, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय आणि सगळ्यात वरचं सर्वोच्च न्यायालय. एवढं मुलं दहा मिनिटांत पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि सुट्टी लागली की विसरतात.

विसरतात, कारण त्यांना ती तिन्ही अंगं दिसलेली नसतात. म्हणून मी शाळेत या धड्याची सुरुवात दिल्लीपासून करतच नाही. मी विचारते, "आज दुपारी काय जेवलात?" सगळा वर्ग ओरडतो, "खिचडी!" मग मी फळ्यावर ताट काढते. तुमच्यातल्या कितीतरी जणींचे गट ही खिचडी शिजवतात. तेव्हा हा धडा माझ्यापेक्षा तुम्हीच बरा शिकवाल.

आता या खिचडीची हकिकत ऐका. मुलांना ती गोष्टीसारखीच सांगायची.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारनं प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या आहाराची योजना सुरू केली. सरकारनं केली, म्हणजे कुणी? कार्यकारी मंडळानं. पण बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न काही मिळत नव्हतं, कोरडं धान्य मिळायचं. तुमच्यातल्या ज्या त्या वेळी शाळेत होत्या त्यांना आठवत असेल, महिन्याचा तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी यायचा. तो घरात सगळ्यांच्या पोटात जायचा, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. घरात पाच माणसं उपाशी आणि एकट्या पोरानं जेवायचं, असं कुठल्या आईला जमेल? पण शाळेत पोराची भूक तशीच राहायची.

मग आलं २००१ साल. राजस्थानात दुष्काळ पडलेला, माणसं उपाशी, आणि सरकारी गोदामं मात्र धान्यानं भरलेली. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. राज्यघटनेच्या कलम २१ नं प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिलाय, आणि अन्नाशिवाय जगणं कसलं? २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं आदेश दिला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असू द्या, आणि वर्षातले किमान २०० दिवस द्या. जी राज्यं कोरडं धान्य देत होती त्यांना मुदतही घालून दिली. हे झालं न्यायमंडळ.

इथं मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. न्यायालयानं आदेश दिला, मग खिचडी शिजवली कुणी? न्यायाधीशांनी? मुलं हसतात. न्यायालयाकडे पातेलं नसतं, तांदळाचं गोदाम नसतं, पैशाची तिजोरी नसते. त्याच्याकडे फक्त शब्द असतो. काही राज्यांनी मुदत पाळली नाही. आदेशांचं पालन होतंय की नाही ते बघायला न्यायालयाला आयुक्त नेमावे लागले. अखेर धान्य पोचवणं, पैसे देणं, स्वयंपाकी नेमणं ही सगळी कामं कार्यकारी मंडळाचीच. न्यायालयानं २० एप्रिल २००४ ला आणखी एक आदेश दिला, तोही मी मुलांना मुद्दाम सांगते: स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या लोकांना प्राधान्य द्यावं. का द्यावं, हे मुलांनाच विचारा. त्यांना गावातलं सगळं ठाऊक असतं, आपल्याला वाटतं त्याहून जास्त.

आणि कायदेमंडळ कुठं आलं? ते आलं २०१३ साली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा लोकसभेनं २६ ऑगस्टला मंजूर केला, राज्यसभेनं २ सप्टेंबरला, आणि १० सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलंय की सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना, शाळेच्या सुट्ट्या सोडून रोज, दुपारचं जेवण मोफत मिळेल. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

आता हुशार पोरगं विचारतंच, "बाई, खिचडी तर आधीच मिळत होती, मग कायदा कशाला?" फार चांगला प्रश्न आहे, त्याला टाळू नका. तमिळनाडूत १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी शाळेतल्या जेवणाची मोठी योजना सुरू केली. तेव्हा ना कोर्टाचा आदेश होता, ना अन्न सुरक्षेचा कायदा. सरकारनं मनावर घेतलं आणि केलं. पण जे सरकार मनावर घेऊन देतं ते दुसरं सरकार मनावर घेऊन काढूनही घेऊ शकतं. योजना मंत्रिमंडळाच्या बैठकीत बंद होऊ शकते. कायद्यानं दिलेला हक्क काढायचा तर सभागृहात जावं लागतं, सगळ्यांसमोर बोलावं लागतं, मतदान घ्यावं लागतं. आपल्या राज्यातच बघा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली ती योजना म्हणून. मग १९७७ साली विधिमंडळानं त्याचा कायदा केला. तुमच्या सासूबाई, आजेसासूबाई त्या कामांवर खडी फोडायला गेल्या असतील. मुलांना त्यांच्याकडं पाठवा, विचारून या म्हणावं. नागरिकशास्त्राचा तो सगळ्यात चांगला गृहपाठ.

हे झालं ताटाचं. आता एका शब्दाबद्दल बोलते. त्या शब्दाचा मला मनापासून राग आहे. तो शब्द म्हणजे "वरून".

"वरून तांदूळ आला नाही." "वरून बिल निघालं नाही." "वरूनच तसा आदेश आहे." आपण ऐकतो आणि गप्प बसतो. मुलंही तेच ऐकत मोठी होतात, आणि त्यांना वाटतं वर कुठंतरी एकच कुणीतरी बसलंय आणि त्याचं नाव सरकार. एका शाळेत बरेच दिवस खिचडी बंद होती. गटातल्या बायका रोज येऊन चूल न पेटवता परत जायच्या. विचारलं की उत्तर एकच, वरून आलं नाही. त्या गावात आठवी शिकणारी मुलगी होती. शासनाची तीन अंगं तिला तोंडपाठ होती. पण "वरून" म्हणजे कुठून, हा प्रश्न तिला पडला नाही, आणि तिच्या आईलाही पडला नाही. आपण शिकवतो ते जर इथं उपयोगी पडत नसेल तर परीक्षेतल्या मार्कांना काय करायचंय?

म्हणून अभ्यासिकेत हे करा. मुलांना सांगा, शाळेत जेवण मिळालं नाही तर कुणाकडं जायचं, याची यादी काढा. पहिल्यांदा येतात मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषद. ही सगळी राबवणाऱ्यांची वाट. अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग ठेवलाय, तिथंही लेखी तक्रार करता येते. दुसरी वाट कायदेमंडळाची. आपला आमदार सभागृहात मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. तारांकित प्रश्न म्हणतात तो हाच, त्याचं उत्तर उभं राहून तोंडी द्यायचं असतं. तिसरी वाट न्यायालयाची. ती लांबची आणि वेळखाऊ आहे, पण आहे.

आणखी एक, हे तुमच्यासाठी. त्या कायद्याखाली केंद्र सरकारनं २०१५ साली नियम केले. धान्य नाही, इंधन नाही, पैसे नाहीत, स्वयंपाकी नाही, कुठल्याही कारणानं शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर राज्य सरकारनं त्या मुलांना अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा, आणि तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदारी कुणाची ते राज्य सरकारनं ठरवायचं. मुलांना इथं एक बारकावा दाखवता येतो: कायदा संसदेनं केला, पण त्याखालचे नियम सरकारनं. संसदेनंच तो अधिकार कायद्यात लिहून दिलेला असतो.

याच ओघात जीआरचं सांगते, कारण त्यात मोठ्यांचाही घोळ होतो. "जीआर आला म्हणजे कायदा झाला" असं आपण सर्रास म्हणतो. जीआर म्हणजे शासन निर्णय. तो कायदा नव्हे. तो मंत्रालयातल्या विभागानं काढलेला असतो, म्हणजे कार्यकारी मंडळाचा. तो कायद्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, आणि गेला तर न्यायालय रद्द करू शकतं. ग्रामसंघाच्या कपाटात पाच-पंचवीस जीआर पडलेले असतील. एक काढून मुलांच्या हातात द्या. वर विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक. आणि शेवटी बघायला सांगा, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं लिहिलेलं सापडेल. मुलं विचारतील, राज्यपाल एवढे सगळे कागद वाचतात का? नाही. कार्यकारी मंडळाचा कारभार त्यांच्या नावानं चालतो, निर्णय मात्र मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळाचे. पुस्तकात "नामधारी प्रमुख" म्हणून जो शब्द येतो तो या एका ओळीत दिसतो.

आता राहिला सगळ्यात अवघड प्रश्न: तीन अंगं वेगळी का ठेवायची? एकाच माणसाकडं सगळं दिलं तर काम पटापट होईल की! हे मुलांना व्याख्यानानं कळत नाही. त्यासाठी मी दंडाचा खेळ घेते.

वर्गातल्या एका मुलीला सांगते, आजच्या तासाचे नियम तू कर, मोडणाऱ्याकडून दंड तू घे, आणि कुणाची तक्रार असेल तर तीही तूच ऐक. दंड म्हणून चिंचोके. पहिली पाच मिनिटं मजेत जातात. मग ती नियम करते, "जो हसेल त्याचे दोन चिंचोके." तिची मैत्रीण हसते, तिला माफ. दुसरा पोरगा हसतो, त्याचे चार. तो म्हणतो, "नियम दोनचा होता!" ती म्हणते, "मी आता बदलला." तो तक्रार करतो. कुणाकडं? तिच्याकडंच! वर्गात जो कालवा होतो तो विचारू नका. मग मी खेळ थांबवते आणि कामं वाटून देते. पाच जणांनी मिळून नियम करायचे आणि फळ्यावर लिहायचे. दुसऱ्या दोघांनी दंड गोळा करायचा. आणि खिडकीजवळ बसलेल्या तिसऱ्याच एकीनं तक्रार ऐकायची; तिनं नियम करायचे नाहीत आणि चिंचोक्यांनाही हात लावायचा नाही. कालवा बंद होत नाही, तो वर्गच आहे. पण भांडण बदलतं. "तू वाईट आहेस" याच्याऐवजी "फळ्यावर काय लिहिलंय ते बघ" असं मुलं म्हणायला लागतात. माझ्या मते सत्ताविभाजनाचा सगळा धडा त्या वाक्यात आला.

गटात आपल्याला हे माहीतच आहे. उशिरा येणारीला दहा रुपये दंड, हा ठराव बैठकीत सगळ्यांनी केला. वसूल सचिवानं करायचा. आणि एक दिवस अध्यक्षच उशिरा आल्या तर? तिथं गट तुटतात, नाहीतर पक्के होतात. मात्र मुलांना सांगताना गट म्हणजे सरकारच असं सांगू नका. दहा-बारा जणी एकमेकींना ओळखतात, त्यांचं चालून जातं. कर्जाबद्दलची तक्रार कर्ज वाटणारीनंच ऐकावी असं तिथंही नको, पण गटात कोर्ट नसतं. राज्यात कोट्यवधी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, तिथं असावंच लागतं.

पुढचा खेळ चिठ्ठ्यांचा. तलाठी, पोलीस, सरपंच, आमदार, मंत्री, न्यायाधीश, वकील, तहसीलदार, अंगणवाडी सेविका, शिक्षक अशा चिठ्ठ्या करा आणि मुलांना तीन रिंगणांत टाकायला सांगा. पोलीस हमखास न्यायमंडळात पडतात. एकदा पालकसभेतही एक आजी म्हणाल्या होत्या, "पोलीस म्हंजी कोर्टच की!" तसं नाही. पोलीस कार्यकारी मंडळाचे. ते पकडतात, तपास करतात, पण गुन्हेगार ठरवत नाहीत. अटक केल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं, हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे. आठवीच्या मुलाला हे माहीत पाहिजे, आणि तुम्हालाही.

काही चिठ्ठ्या मात्र कुठल्याच एका रिंगणात नीट बसत नाहीत. मंत्री घ्या. तो आमदार असतो, म्हणून कायदेमंडळात, आणि खातं चालवतो, म्हणून कार्यकारी मंडळातही. आपल्या पद्धतीत ही दोन अंगं एकमेकांत अडकवलेली आहेत, मुद्दाम. सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच मंत्रिमंडळ. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूनं २६९ मतं पडली आणि विरोधात २७०. एका मतानं सरकार गेलं. हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात. तहसीलदार घ्या. तो महसूल खात्याचा, पण सातबाऱ्याच्या नोंदीचं भांडण त्याच्यापुढं चालतं, तारखा पडतात, अगदी कोर्टासारखं. सरपंचाची चिठ्ठी तर बाहेरच ठेवा. ग्रामपंचायत ठराव करते, कायदे करत नाही, आणि ती स्वतः १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यावर चालते. गावातली तंटामुक्ती समितीही कोर्ट नाही. तिथं समेट होतो, निकाल लागत नाही, आणि समेट नको असेल तर कोर्टात जायचा हक्क शिल्लक राहतो. पुस्तकात तीन चौकोन काढलेत म्हणून गावात तीनच चौकोन असतील असं मुलांना सांगू नका. अडलेल्या चिठ्ठ्यांवर वाद होऊ द्या.

कोर्ट दाखवायला न्या. न्यायालयाचं कामकाज साधारणपणे खुलं असतं, कुणीही मागच्या बाकावर शांत बसून बघू शकतं. मुलांचा गट न्यायचा तर आधी तिथल्या कार्यालयात अर्ज देऊन परवानगी घ्या. त्याच आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कुठं आहे ते विचारून ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला वकील मोफत मिळू शकतो, आणि त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही. सहल मुलांची, पण हा पत्ता तुमच्या वहीत पाहिजे.

आता कामाचं. चिठ्ठ्यांचा संच आणि खिचडीच्या हकिकतीतल्या तारखांचे कागद सगळ्या प्रभागांसाठी करायचेत. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी चहानंतर थांबा. चिंचोके ज्यानं त्यानं आपापल्या गावातले आणायचे. जीआरची झेरॉक्स काढाल तेव्हा शेवटचं पान विसरू नका, ती राज्यपालांची ओळ तिथंच असते. आणि ज्या गावात सध्या खिचडी बंद आहे तिथल्या ताईंनी आत्ताच हात वर करा, किती दिवसांपासून बंद आहे ते मला लिहून घ्यायचंय.